जुना संगणक, ताजे कुतूहल

निळ्या पडद्यावर फिकट निळ्या अक्षरांत '३८९११ बेसिक बाइट्स फ्री' अशी ओळ उमटते. तिच्याखाली 'रेडी' आणि त्याखाली लुकलुकणारा एक चौकोन. १९८२ साली बाजारात आलेला 'कमोडोर ६४' हा घरगुती संगणक सुरू केला की आजही एवढेच दिसते. त्याची एकूण मेमरी ६४ किलोबाइट. आजच्या मोबाइलने काढलेला एक फोटोसुद्धा सहसा तिच्यात मावणार नाही. तो बनवणारी कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली. तरीही जगभरातली हौशी मंडळी हे यंत्र दुरुस्त करतात, त्याच्यासाठी नवे प्रोग्राम लिहितात आणि त्यापायी रात्री जागवतात.

हा खटाटोप कशासाठी, असे विचारले तर या मंडळींकडून साधारण दोन प्रकारची उत्तरे मिळतात. काही जण म्हणतात, हे आमचे बालपण आहे. कॅसेट लावून खेळ सुरू होण्याची वाट पाहत बसलेली ती दुपार आम्हाला परत हवी आहे. दुसरे म्हणतात, बालपणाशी आमचे काही देणेघेणे नाही. या यंत्रातून अजून कोणी काढले नाही ते काढून दाखवायचे आहे. पहिल्यांना जुना कीबोर्ड, जुना टीव्ही, जुनाच खेळ लागतो. दुसरे खुशाल नवे मेमरी कार्ड जोडतात आणि प्रोग्राम लॅपटॉपवर लिहून मग जुन्या यंत्रावर चालवतात. या दोन गटांत 'खरा छंद कोणता' यावर वाद झडतो. वरवर पाहता तो हौशी लोकांचा आपसातला वाद आहे. पण त्याच्या तळाशी असलेला प्रश्न चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा आहे: आठवणीत रमणे मनाला चांगले, की नवे काही शिकणे?

घराघरांत संगणक आला तेव्हा

१९७०च्या दशकाच्या शेवटी आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला संगणक पहिल्यांदाच सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आला. ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअर कंपनीचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' अवघ्या १२५ पौंडांपासून विकायला निघाला. त्याआधी काही महिने बीबीसीने लोकांना संगणक शिकवण्याची मोहीम हाती घेतली होती आणि तिच्यासाठी एकॉर्न कंपनीकडून 'बीबीसी मायक्रो' बनवून घेतला होता. या यंत्रांना घरातला टीव्हीच पडदा म्हणून चाले आणि प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवला जाई. स्पेक्ट्रमवर एखादा खेळ उतरवून घ्यायला चार-पाच मिनिटे लागत आणि तेवढा वेळ टेपमधून कर्कश किंचाळणे ऐकू येई. मासिकांत छापलेले प्रोग्राम मुले ओळीन्‌ ओळ टंकून घेत. एक स्वल्पविराम चुकला तरी सगळे अडून बसे.

या लाटेचे काही शिंतोडे आपल्याकडेही उडाले. १९८४ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले. पुढे पुण्यातल्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने स्पेक्ट्रमची आवृत्ती परवाना घेऊन बाजारात आणली. आज पन्नाशीत असलेल्या काही मराठी वाचकांनी आयुष्यातला पहिला प्रोग्राम याच यंत्रांवर लिहिला असेल. तरी हा छंद मुख्यतः युरोप-अमेरिकेतला. कारण तिथे ही यंत्रे लाखोंच्या संख्येने विकली गेली आणि नंतर तशीच माळ्यावर पडून राहिली.

आजार ते आधार

'नॉस्टॅल्जिया' हा शब्द साहित्यातून आलेला नाही, तो वैद्यकातला आहे. १६८८ मध्ये बाझलमधील योहानेस होफर या तरुण वैद्यकीय विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात तो घडवला. परमुलखात राहणाऱ्या, विशेषतः परदेशी सैन्यात चाकरी करणाऱ्या स्विस तरुणांना घराच्या आठवणीने झोप येईना, अन्न जाईना. 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून होफरने या दुखण्याला नाव दिले. पुढची दोनेकशे वर्षे वैद्य त्याला आजारच समजत होते. मराठीने त्यासाठी 'स्मरणरंजन' हा शब्द स्वीकारला तेव्हा वेदना जाऊन रंजन आले, हा बदल लक्षात घेण्यासारखा आहे.

विज्ञानाचे मतही नंतर त्याच दिशेने सरकले. ब्रिटनमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टंटाइन सेडिकिडिस, टिम विल्डशूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की माणूस एकटा किंवा उदास असतो तेव्हा जुन्या आठवणी अधिक सहज वर येतात. आणि आठवणींत थोडा वेळ घालवल्यावर आपण कोणाचे तरी आहोत ही भावना बळावते, मनःस्थिती सुधारते. या आठवणींत माणूस क्वचितच एकटा असतो. भाऊ, मित्र, शेजारी त्यात हमखास असतात. जुन्या संगणकाच्या आठवणीतही यंत्रापेक्षा 'आता माझी पाळी' म्हणून भांडणारी भावंडेच जास्त असतात.

विशिष्ट वयाच्या आठवणी अधिक ठळक असण्यालाही कारण आहे. उतारवयात माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त येतात. मानसशास्त्रज्ञ याला स्मरणाचा उंचवटा म्हणतात. त्या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात, म्हणून त्या खोल रुजतात. बाराव्या वर्षी ज्याच्या हाती पहिला संगणक आला, त्याला पन्नाशीत तोच आठवावा, यात नवल नाही.

रंजनाची मर्यादा

पण या औषधाची मात्रा आणि रुग्ण दोन्ही पाहावे लागतात. बास फेरप्लांकेन या मानसशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये सतत चिंता करण्याची सवय असलेल्या लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवणींत शिरल्यावर त्यांनाही सुरुवातीला बरे वाटले; मात्र नंतर त्यांच्यात चिंतेची आणि खिन्नतेची लक्षणे वाढलेली दिसली. निर्धास्त भूतकाळ आणि आजचा घोर यांतला फरकच त्यांना बोचत असावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना जुन्या वस्तू, गाणी, छायाचित्रे दाखवून बोलते करण्याची स्मरणोपचार पद्धतही वापरात आहे. तिचा फायदा होतो, पण तो बेताचा असतो आणि सर्वांना सारखा मिळत नाही, असेच अभ्यासांचे एकत्रित चित्र आहे.

जुन्या संगणकांच्या हौशी मंडळींना ही मर्यादा वेगळ्या रूपात भेटते. महिनाभर शोधून, पैसे मोजून यंत्र मिळवायचे, झाडूनपुसून सुरू करायचे, लहानपणीचा लाडका खेळ लावायचा, आणि पंधरा मिनिटांत तो संपलेला असतो. मनात तो केवढा तरी भव्य होता. पडद्यावर चार रंगीत ठोकळे हलताना दिसतात. दोष यंत्राचा नाही. आठवण ही कपाटात ठेवलेल्या फाइलसारखी नसते. दरवेळी आठवताना मेंदू ती नव्याने जुळवतो, त्यात भर घालतो, गाळतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच हे मांडले होते. शिवाय जुन्या टीव्हीच्या काचनळीत रंग एकमेकांत किंचित मिसळत आणि कडा मऊ दिसत. चित्रकारांनी चित्रे त्या मऊपणासाठीच काढली होती. आजच्या सपाट पडद्यावर तेच चित्र खरखरीत दिसते. आठवण तपासून पाहिली की ती थोडी विरते, आणि यंत्र पुन्हा खोक्यात जाते. ज्यांचा छंद इथे थांबत नाही, ते दुसऱ्या वाटेने पुढे गेलेले असतात.

तीस वर्षांनी सुटलेले कोडे

कमोडोर ६४ मध्ये संपूर्ण चित्र झटकन आडवे सरकवण्याची एक युक्ती आहे. पडदा रंगवणाऱ्या चिपला नेमक्या क्षणी चकवायचे, म्हणजे मेमरीतला एकही बाइट न हलवता सगळे चित्र बाजूला सरकते. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून प्रोग्रामर ती वापरत होते. अडचण अशी, की काही यंत्रांवर ती बिनबोभाट चाले आणि काहींवर प्रोग्राम अचानक कोलमडे. शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या यंत्रांत एक नीट चाले, दुसरे नाही. कारण कोणालाच नीट सांगता येत नव्हते. तर्क मात्र पुष्कळ होते.

२०१३ मध्ये लिनस ओकेसॉन या स्वीडिश प्रोग्रामर-संगीतकाराने त्याचा छडा लावला. चिपला चकवताना मेमरीकडे जाणारा पत्ता नेमका वाचला जाण्याच्या क्षणीच बदलतो. त्यामुळे मेमरीतल्या एकाऐवजी अनेक ओळी अर्धवट उघडतात आणि त्यांतली माहिती एकमेकींत मिसळते. हा खेळ सेकंदाच्या काही अब्जांशांचा असल्याने तो प्रत्येक यंत्राच्या किंचित वेगळ्या घडणीवर अवलंबून राहतो. कोणत्या पत्त्यांवरची घरे अशी बिघडतात हेही त्याने ओळखले, आणि त्या नाजूक घरांना सांभाळून प्रोग्राम कसा लिहायचा ते करून दाखवले. लाखो लोकांनी वापरलेल्या, सर्वांना 'पाठ' असलेल्या यंत्राबद्दलची ही माहिती ते बाजारात आल्यावर तीस वर्षांनी कळली.

असे हे एकच उदाहरण नाही. १९७५ मध्ये आलेली ६५०२ ही प्रोसेसर चिप ॲपल २ आणि बीबीसी मायक्रोत होती, तिचीच थोडी बदललेली आवृत्ती कमोडोर ६४ मध्ये होती. तिचा आराखडा माणसांनी हाताने काढला होता. २०१० च्या सुमारास काही अभ्यासकांनी या चिपचे आवरण काढून सूक्ष्मदर्शकाखाली तिची छायाचित्रे घेतली, त्यांवरून तिच्यातले ३,५१० ट्रान्झिस्टर एकेक करून नोंदवले आणि चालत्या चिपचे हुबेहूब प्रतिरूप आधुनिक संगणकावर उभे केले. पुस्तिकेत कुठेही न छापलेल्या काही आज्ञा ही चिप का पाळते, याचा उलगडा त्यातून पडद्यावर दिसू लागला. आजच्या चांगल्या मोबाइलच्या मुख्य चिपमध्ये हजार कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर असतात. ती चिप पूर्ण समजलेला एकही माणूस असू शकत नाही. ६५०२ मात्र एका माणसाच्या डोक्यात मावते. जुन्या यंत्राचे नव्या पिढीला वाटणारे आकर्षण बरेचसे इथे आहे.

याच ओकेसॉनने २०१७ मध्ये कमोडोर ६४ साठी केवळ २५६ बाइटचा एक प्रोग्राम लिहिला. त्यातून दोन मिनिटांहून अधिक काळ संगीत वाजते आणि त्याबरोबर चित्रेही बदलत राहतात. २५६ बाइट म्हणजे किती? मोबाइल-संगणकांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने २५६ बाइटमध्ये ८५ चिन्हे बसतात, म्हणजे जेमतेम एक वाक्य. अशा चित्र-संगीताच्या करामतींना 'डेमो' म्हणतात आणि त्या करणाऱ्यांच्या स्पर्धा युरोपात दरवर्षी भरतात. फिनलंडने २०२० मध्ये, आणि जर्मनी व पोलंडने २०२१ मध्ये या कलेला आपल्या राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

या शोधांना बालपणीच्या आठवणी लागतातच असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका मुलाने निन्टेन्डो यंत्रावरचा १९८९ सालचा 'टेट्रिस' हा खेळ इतका लांबवला, की शेवटी यंत्रच गोठले. माणसाच्या हातून असे पहिल्यांदाच घडले. हे यंत्र जपानमध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' या नावाने विकले जाई आणि त्यातली चिपही ६५०२ च्याच घराण्यातली. २९व्या पातळीनंतर ठोकळे इतक्या वेगाने पडतात, की तिथे माणसाची मजल संपते असे वर्षानुवर्षे धरले गेले होते. मग काही खेळाडूंनी बटण दाबण्याची पद्धतच बदलली: एका हाताने बटणावर हलका दाब ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कंट्रोलरच्या पाठीवर तबल्यासारखा ठेका धरायचा. मुलगा १५७व्या पातळीपर्यंत पोहोचला. खेळ त्याच्या जन्माच्या वीस वर्षे आधीचा. त्याला आठवायचे काहीच नव्हते.

मेंदूला काय हवे?

नवे जाणून घेण्याची ओढ मेंदूत काय करते, याचा एक सुंदर प्रयोग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत थोडे थांबवले आणि मध्येच एक अनोळखी चेहरा दाखवला. ज्या प्रश्नांचे कुतूहल जास्त होते त्यांची उत्तरे चांगली लक्षात राहिली, हे अपेक्षितच होते. पण त्या उत्सुक क्षणांत दिसलेले चेहरेही, प्रश्नाशी काही संबंध नसताना, अधिक लक्षात राहिले. कुतूहल जागे झाले की डोपामाइन वापरणारी बक्षीस-यंत्रणा आणि स्मरणाचे केंद्र असलेला हिपोकॅम्पस हे जोडीने काम करू लागतात.

वाढत्या वयात नवे शिकल्याने काय फरक पडतो, हे टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी तपासले. ६० ते ९० वयोगटातील २२१ जणांना वेगवेगळ्या गटांत वाटले. काहींना डिजिटल छायाचित्रण शिकवले, काहींना गोधडीकाम, काहींना दोन्ही. एक गट नुसता एकत्र जमून गप्पा, सहली, करमणूक करत होता. एक घरी बसून संगीत ऐकणे, शब्दकोडी सोडवणे अशी ओळखीची कामे करत होता. आठवड्याला सुमारे पंधरा तास, तीन महिने हे चालले. प्रसंग आणि तपशील लक्षात ठेवण्याची क्षमता नवे कौशल्य शिकणाऱ्यांमध्ये सुधारली. गप्पागोष्टींच्या गटात तसा फायदा दिसला नाही. हा अभ्यास संगणकांवरचा नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. पण डोके खाजवायला लावणारे, सतत एक पायरी वर चढवणारे काम आणि ओळखीचा विरंगुळा यांत मेंदू फरक करतो, एवढे त्यातून स्पष्ट होते.

मग दुसरा गट जिंकला म्हणायचे का? तसेही नाही. जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही स्त्रियांना त्यांच्या बालपणातल्या वस्तूंची चित्रे दाखवून मेंदूचे स्कॅन घेतले. स्मरणरंजनाच्या क्षणी हिपोकॅम्पस आणि मध्यमेंदूतला डोपामाइनचा भाग एकत्र चेतवले गेले. आणि अगदी नवी, पूर्वी न पाहिलेली चित्रे पाहतानाही मध्यमेंदूचा हाच भाग जागा होतो, हे २००६ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवले होते. म्हणजे ज्या दोन ओढींवरून हौशी मंडळी भांडतात, त्या मेंदूच्या एकाच विहिरीचे पाणी पितात. व्यवहारातही असेच घडताना दिसते. चाळिशीतला माणूस आठवणीपोटी यंत्र आणतो. ते सुरू होत नाही, म्हणून बिघाड शोधायला लागतो. त्यासाठी परिपथ वाचायला शिकतो. सहा महिन्यांनी तो खेळ विसरलेला असतो आणि रात्री अकरा वाजता एका चिपच्या आठव्या पायावर व्होल्टेज का नाही, याचा विचार करत असतो. स्मरणरंजनाने त्याला दारापर्यंत आणले, आत नेले कुतूहलाने. दारातच थांबणाऱ्याला थोडे बरे वाटते, आणि तेही गैर नाही. आत शिरणाऱ्याच्या मेंदूला मात्र काम मिळते.

हात लावण्याआधी

या कामात शरीराची काळजीही घ्यावी लागते. जुन्या टीव्हीच्या काचनळीत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. तिचे झाकण जाणकाराशिवाय उघडू नये. बीबीसी मायक्रोच्या वीजपुरवठ्यातले जुने कपॅसिटर तडकून धूर सोडण्यासाठी बदनाम आहेत, म्हणून यंत्र विजेला जोडण्यापूर्वी ते बदलून घेणे बरे. कमोडोर ६४ चा मूळ वीजपुरवठा बिघडला की कधी जास्त दाब सोडतो आणि आतल्या चिप जळतात. डाग देताना निघणाऱ्या राळेच्या धुराने दमा बळावू शकतो, तेव्हा खिडकी उघडी हवी. जुन्या डागात शिसे असते, म्हणून काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि मध्येच खाणेपिणे टाळावे. पिवळे पडलेले प्लॅस्टिक पुन्हा उजळवायला वापरले जाणारे तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड त्वचा आणि डोळे भाजते; हातमोजे आणि चष्मा हवाच. आणि 'एवढे झाले की उठतो' म्हणत पहाट करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की दिवसभरात शिकलेले मेंदूत पक्के होण्यासाठी झोप लागते.

आपल्याकडे बहुतेकांच्या माळ्यावर कमोडोर ६४ नसेल. टेपरेकॉर्डर असेल, रिळाचा कॅमेरा असेल, आजीचे शिलाई मशीन किंवा बंद पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ असेल. त्यांनाही हाच नियम लागू आहे. वस्तू खाली काढून तिच्यावर हात फिरवायला आणि गोष्टी सांगायला हरकत नाही. ऐकायला घरातली लहान मंडळी असतील तर उत्तमच. पण 'आमच्या वेळी' एवढ्यावर न थांबता 'हे आतून चालते कसे' असे त्यांनी विचारले, तर पेचकस शोधावा आणि त्यांच्याबरोबर आपणही पहिल्यांदाच ते पाहावे. उत्तर आपल्याला ठाऊक नसले तर अधिकच चांगले.